तिसऱ्या परिच्छेदातली तारीख

खेळाडूंवर लेख कसे लिहायचे ते पोरांना शिकवा, असं कॉलेजवाले म्हणाले तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो होतो. सव्वीस वर्षं जळगावच्या एका पेपरात खेळाचं पान लावलं. एक दिवस मालकानं ते पान बंद केलं आणि पानाबरोबर मीही बंद झालो. आता त्याच कामाचे धडे कोणाला आणि कशाला द्यायचे? पण घरी बसून बायकोच्या प्रत्येक कामात नाक खुपसायला लागलो होतो, शेवटी तिनंच हाकललं. मग तासिका तत्त्वावर जायला लागलो, आठवड्यातून तीन दुपारी.

वर्गात बावीस पोरंपोरी. निम्म्यांना दुसरीकडं कुठं प्रवेश मिळाला नाही म्हणून पत्रकारिता. पहिल्याच आठवड्यात सांगितलं, आपल्या गावातला एक खेळाडू पकडा आणि लिहून आणा. बावीसपैकी एकोणीस लेख 'घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची' असे सुरू झाले. कुंदन नावाच्या पोरानं ज्या कबड्डीवाल्यावर लिहिलं होतं त्याच्या बापाचे केळीचे ट्रक दिल्लीला जातात, हे मला ठाऊक होतं. कुंदनला विचारलं, ही हलाखी तुला कुठं दिसली रे बाबा? तर म्हणतो, सर, तसंच लिहितात ना. माझं डोकंच फिरलं. गठ्ठा टेबलावर आपटला आणि त्या दिवशी त्यांना जे काही बोललो ते प्राचार्यांच्या खोलीपर्यंत ऐकू गेलं, असं नंतर शिपायानं सांगितलं.

तेव्हापासून वर्गात एकच कायदा लावला. जे छापायचं ते दोन माणसांना विचारायचं आणि एका कागदावर डोळ्यांनी बघायचं. वेळ, अंतर, वय, गाव, सगळं. खेळाडूच्या आईनं सांगितलं म्हणून नाही, प्रशिक्षकानं सांगितलं म्हणून नाही. कागद. पोरं कंटाळायची, माझ्या पाठीमागं मला 'कागद सर' म्हणायची. म्हणू देत.

हा कायदा मनावर घेतला तो एकटीनं. सुलक्षणा. बोदवडहून रोज रेल्वेनं यायची, बापाचं स्टेशनबाहेर सायकल दुरुस्तीचं दुकान. दिसायला गरीब गाय, पण प्रश्न विचारायला लागली की समोरचा घामाघूम. व्हॉलीबॉलच्या एका पंचाला तिनं असं काही धारेवर धरलं की तो बिचारा मला फोन करून म्हणाला, भाऊ, तुमची ही पोरगी पोलिसात पाठवा. मला आतून फार बरं वाटलं. सव्वीस वर्षांत माझ्या हाताखाली असा एक वार्ताहर आला नव्हता.

नोव्हेंबरात विभागीय शालेय स्पर्धा धुळ्याला होत्या. सगळा वर्ग एसटीत कोंबला आणि घेऊन गेलो. सतरा वर्षांखालच्या मुलींची तीन हजार मीटरची शर्यत लागली, साडेसात फेऱ्या. पाचव्या फेरीपर्यंत धुळ्याचीच पुनम नावाची मुलगी पुढं होती, गावातली पोरं तिच्या नावानं ओरडत होती. सहाव्या फेरीत यावलकडच्या एका आश्रमशाळेची काटकुळी पोरगी तिच्या शेजारून निघून गेली, तिकडं बघितलंसुद्धा नाही तिनं. रुपली तिचं नाव. साठ-सत्तर मीटरनं जिंकली. तिच्या पायात चांगले नवे बूट होते, मी स्वतः पाहिले, तरी दुसऱ्या दिवशी आलेल्या लेखांत चार जणांनी तिला अनवाणी पळवलं होतं. काय करावं अशा पोरांचं?

सुलक्षणानं लेख आणलाच नाही. म्हणाली, मी अजून तिच्या घरी गेले नाही.

रुपलीचे क्रीडाशिक्षक प्रेमराज, मूळचे शिंदखेड्याचे, बोलायला मोकळा माणूस. त्यांनी मैदानावरच आम्हाला सगळं समजावून सांगितलं होतं. राज्य स्पर्धा महिन्याभरावर होती. तिथं सतराखालच्या गटात पहिल्या तिघींत आली की सरकारी क्रीडा निवासी शाळेत थेट प्रवेश. राहणं, खाणं, शिकणं, बूट, डॉक्टर, सगळं त्यांचं, चार वर्षं. आणि रुपली पहिल्या तिघींत येणार यात त्यांना शंका नव्हती, तिची वेळ बघून मलाही नव्हती. नाही आली तर काय, असं सुलक्षणानं विचारलं. तर प्रेमराज म्हणाले, मग केळीची बाग आहेच, तिची आई जाते तिथं तीही जाईल. बाप जामसिंग पावसाच्या भरवशावर ज्वारी-तूर पेरायचा आणि उरलेले महिने यावलच्या बागांत घड वाहायचा. एवढंच होतं त्यांच्याकडं.

सुलक्षणा रुपलीच्या पाड्यावर चार वेळा गेली. भुसावळ, यावल, पुढं जीप, जीप संपली की पायी. आईशी बोलली, दाईशी बोलली, पहिलीच्या गुरुजींना शोधून काढलं. शाळेचं रजिस्टर बघून आली आणि मला म्हणाली, सर, तिच्या वर्गात एकतीस पोरं आणि सत्तावीस जणांचा जन्म एक जूनचा. मी हसलो. अगं, आपल्याकडं हे असंच चालत आलंय. गुरुजी जूनमध्ये पाड्यावर फिरणार, पोराला डोक्यावरून हात घालून कान धरायला लावणार, पोचला कानाला हात की सहा वर्षांचा. एक जून टाकून मोकळे. माझी स्वतःची जन्मतारीख एक जून आहे. माझ्या आईला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, कापूस वेचणी चालली होती.

तिथंच गप्प बसलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण माझ्यातल्या गुरुजीला जोर चढला. म्हणालो, मग खरी तारीख शोध, खरी तारीख सापडली तर लेखाला लेख म्हणता येईल.

तिनं शोधली. रुपलीच्या आईनं सांगितलं, होळीच्या आधीचा भोंगऱ्याचा बाजार भरला होता, मी नटूनथटून गेले होते, आणि तिथंच कळा सुरू झाल्या. ढोलवाल्यांनी भरलेला एक ट्रॅक्टर त्याच दिवशी नाल्यात उलटला, म्हणून गाडी मिळेना, मग झोळी करून घरी आणलं. सांगताना बाई हसत होती म्हणे, आपल्या पोरीचा जन्म म्हणजे केवढा तमाशा. दाईनंही तेच सांगितलं. आता कागद तेवढा राहिला होता. तो मी दिला. सुलक्षणाला घेऊन जुन्या पेपरात गेलो, तिथला सुपडू अजून मला ओळखतो, त्यानं तळघरातली खोली उघडून दिली. मार्च दोन हजार आठच्या फाईलीत, पाचव्या पानावर, चार ओळींची बातमी. ट्रॅक्टर उलटला, नऊ जखमी, तारीख-वारासकट. सुलक्षणानं त्या ओळींवर बोट ठेवलं, दोनदा वाचल्या आणि वहीत उतरवून घेतल्या. मी सुपडूला चहा सांगितला.

लेख आला. वाचून मी खुर्चीत मागं टेकलो. सव्वीस वर्षं ज्यासाठी घसा कोरडा केला ते या पोरीनं बाराशे शब्दांत करून दाखवलं होतं. हलाखी नाही, जिद्द नाही, अनवाणी तर नाहीच. तिसरा परिच्छेद मला अजून पाठ आहे. 'शाळेच्या रजिस्टरात रुपलीचा जन्म एक जून दोन हजार नऊचा आहे. खरं तर ती त्याच्या सव्वा वर्ष आधी, भोंगऱ्याच्या बाजारात, ढोल वाजत असताना बाहेर यायची घाई करत होती. तिची घाई तेव्हापासूनची आहे.' आणि पुढं ट्रॅक्टरची तारीख, बातमीचा पान क्रमांक, दाईचं नाव, सगळं चोख.

आता इथं एक गोष्ट सांगून टाकतो. माझ्या लक्षात आलं. ज्यानं आयुष्यभर वयोगटांचे निकाल छापले त्याला हे दिसणार नाही का? यंदाच्या सतराखालच्या गटासाठी जन्म एक जानेवारी दोन हजार नऊनंतरचा लागत होता. रजिस्टरातली तारीख आत बसत होती, भोंगऱ्याची बसत नव्हती. सुलक्षणाला गटाचा हा नियम मी शिकवलेलाच नव्हता, तो पुढच्या महिन्यात होता. मला तेवढी तीन वाक्यं काढता आली असती. लेख उभा राहिला असता, चांगलाच राहिला असता. पण रविवारच्या पुरवणीच्या संपादकाशी माझं बोलणं झालं होतं, लेखाखाली 'मार्गदर्शन: लीलाधर भोळे' अशी ओळ जाणार होती, आणि सहा वर्षांत माझं नाव कुठं छापून आलं नव्हतं. ती तीन वाक्यं काढली तर लेख नुसता चांगला राहिला असता. मला त्याहून जास्त हवं होतं. तिसरा परिच्छेद कोण वाचतं, असं मी स्वतःला सांगितलं आणि लेख पाठवून दिला.

रविवारी छापून आला. जुन्या मित्रांचे फोन आले, मी अंगणात उभा राहून मोठ्यानं बोलत होतो, शेजाऱ्यांना ऐकू जावं म्हणून. प्राचार्यांनी लेख काचेच्या फळ्यावर लावला.

मंगळवारी स्पर्धेच्या समितीकडं हरकत दाखल झाली. पुनमच्या वडिलांनी केली. लेखाचं कात्रण, त्याला जोडून फाईलीतल्या बातमीची प्रत, वर अर्धं पान अर्ज. त्यांना काही शोधावंच लागलं नाही. आम्ही इतकं व्यवस्थित, पुराव्यासकट लिहिलं होतं की त्यांनी ते फक्त उचललं आणि पुढं ठेवलं.

गुरुवारी प्रेमराज जामसिंगला घेऊन कॉलेजात आले. जामसिंग दाराजवळच्या बाकावर बसला, पाणी दिलं तर दोन्ही हातांनी ग्लास धरून तसाच बसून राहिला. प्रेमराजनी सांगितलं की समितीतला एक माणूस बरा आहे. तो म्हणतो, रजिस्टर हाच अधिकृत कागद, पेपरातलं आम्ही बाजूला ठेवू शकतो, पण लिहिणाऱ्यानं लेखी द्यायला हवं की ती तारीख ऐकीव होती, खात्री केलेली नव्हती. बस, दोन ओळींचा खुलासा. शुक्रवारी दुपारपर्यंत. एरवी माझ्याशी शुद्ध बोलणारे प्रेमराज तेव्हा अहिराणीवर आले, सगळं माझ्याच हातात असल्यासारखे.

"भाऊ, पोरनी जिंदगीना सवाल शे. बठ्ठं तुमना हातमा शे. दोन ओळी लिखी द्या."

सुलक्षणानं पेन काढलंसुद्धा होतं. मंगळवारपासून ती जेवली नसावी. कागद पुढं ओढला तिनं. आणि मी, लीलाधर भोळे, त्या कागदावर हात ठेवला.

काय काय बोललो मी! म्हणालो, तारीख ऐकीव नाही, दोन माणसं आणि एक कागद आहे, खात्री केलेली आहे. खात्री केलेली गोष्ट खोटी आहे असं माझ्या वर्गातलं कोणी लिहून देणार नाही. आज हे दिलं तर उद्या हिच्या एका शब्दावर कोण विश्वास ठेवील? सुलक्षणाला म्हणालो, सही केलीस तर पुन्हा माझ्या वर्गात पाय ठेवू नकोस. प्रेमराज माझ्याकडं बघतच राहिले. जामसिंगला यातलं किती समजलं कोण जाणे, तो आळीपाळीनं आमच्या तोंडांकडं बघत होता. सुलक्षणानं बराच वेळ पेन धरून ठेवलं, मग टोपण लावलं.

मी खरं बोललो होतो, नाही असं नाही. पण खुलासा निघाला असता तर 'मार्गदर्शन' या शब्दाच्या तोंडाला काळं फासलं गेलं असतं, हेही होतं. त्या नकारात तत्त्व किती आणि मी किती, ते मी पुष्कळ वेळा वेगळं करायला बसलो. जमलं नाही.

शुक्रवार गेला. रुपलीला अपात्र ठरवलं, वर वयाबाबत फसवणूक म्हणून दोन वर्षांची बंदी. फसवणूक! ज्या पोरीनं स्वतःच्या हातानं कुठली तारीख लिहिली नाही तिच्यावर. राज्य स्पर्धेला तिच्या जागी पुनम गेली आणि चौथी आली. निवासी शाळेतली जागा दोघींपैकी कोणालाच मिळाली नाही असं म्हणा. मी इतका घसरलो होतो की पुनमचीही जन्मतारीख तपासून घेतली. धुळ्यातल्या ओळखीच्या माणसाला कामाला लावलं. दवाखान्यातला जन्म, त्याच आठवड्यातली नोंद, दाखला स्वच्छ. ती पोरगी खोटी निघावी अशी माझी फार इच्छा होती, पण ती निघाली नाही. नियमानं बघितलं तर हरकत बरोबरच होती, तेही मला कळतं. कळून काय चुलीत घालायचंय?

जानेवारीत सुलक्षणा म्हणाली, मी पाड्यावर जाऊन येते. सर तुम्ही चला असं ती म्हणाली नाही. मीच म्हणालो, येतो. एकटीला पाठवायची लाज वाटली.

रुपलीच्या आईनं आमचं चांगलं केलं, हेच सोसवत नव्हतं. खाट टाकली, गुळाचा चहा दिला. दाराच्या आत कुडाच्या भिंतीवर आमचा लेख डकवलेला होता, रुपलीचा फोटो मधोमध. बाईला वाचता येत नव्हतं. पोरगी राज्याला का गेली नाही ते तिला नीट कळलेलं नव्हतं, या लेखामुळं ते तर अजिबातच नाही. ती सुलक्षणाला म्हणाली, तुझं लिहिलेलं मला वाचून दाखव. सुलक्षणानं दोन परिच्छेद वाचले आणि तिसऱ्यापाशी थांबली. बाईला वाटलं तेवढंच आहे. तिनं मान डोलावली.

संध्याकाळ व्हायच्या आधी रुपली आली, बागेतल्या कामावरून. हातांवर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. आम्हाला बघून ती थबकली, मग विळा कुडात खोचून ठेवला आणि समोर उकिडवी बसली. आश्रमशाळेत शिकलेली, मराठी स्वच्छ बोलत होती. पळतेस का, असं मी विचारलं. विचारायला नको होतं. ती म्हणाली, कशाला? नंतर तिनं सुलक्षणाकडं तोंड वळवलं.

"तुम्ही आईला विचारलं, दाईला विचारलं, गुरुजींना विचारलं. मला नाही विचारलं. मला माहीत होतं ना. मी सांगितलं असतं, हे लिहू नका म्हणून."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

सुलक्षणा म्हणाली, "चूक माझी आहे. मला नियम माहीत नव्हता. मी कोणाला विचारलं नाही."

रुपलीनं माझ्याकडं बोट केलं. "हे कोण?"

"माझे सर आहेत. खेळाचंच शिकवतात."

"मग यांनाही समजलं नाही?"

मी घरात बघितलं, भिंतीवरच्या लेखाकडं बघितलं, माझ्या नावाची ओळ तिथं खाली होती. चहाचा कप खाली ठेवला. म्हणालो, "राहून गेलं, बाई. नजरेतून सुटलं."

रुपलीनं मान हलवली, जशी ती कामावरच्या मुकादमापुढं हलवत असेल. उठली आणि हंडा घेऊन पाण्याला गेली. आम्ही निघेपर्यंत परत आली नाही.

यावलच्या स्टँडवर गर्दी होती. मला जळगावची गाडी, सुलक्षणाला भुसावळची, पुढं बोदवड. आम्ही एकाच बाकावर बसलो होतो. जीपमध्येही आणि इथंही मी बडबडत होतो, परीक्षा कधी, पुढं काय करणार, पुण्याला माझ्या ओळखी आहेत, पत्र देतो. तिनं ऐकून घेतलं. माझं संपलं तसं ती समोरच्या फलाटाकडं बघत म्हणाली,

"सर, तुमच्या लक्षात आलं होतं."

ती विचारत नव्हती. तरी मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून हो निघालं. छापायच्या आधीच, असंही सांगून टाकलं. मला वाटलं आता ही रडेल, नाहीतर चारचौघांत काहीतरी बोलेल, आणि दोन्हीची मी तयारी केली होती. ती बॅगेचा पट्टा नीट करत राहिली.

"मला खुलाशाच्या दिवशीच वाटलं होतं," ती म्हणाली. "आज त्यांच्या घरात मी माझी चूक आहे म्हणाले आणि थांबले. तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते."

भुसावळची गाडी लागली. ती उठली, रांगेत उभी राहिली आणि चढून गेली.